एक खरारा, चार दावणी

मित्रांनो, सलूनच्या खुर्चीत बसल्यावर आपण पहिलं वाक्य कोणतं बोलतो? "जरा नवीन ब्लेड टाका!" फर्स्ट इयरला असताना, दाढी धड फुटलेली नव्हती तेव्हासुद्धा हे वाक्य आपल्याला पाठ होतं. समोरचा कारागीरही आता न सांगता कागदातून ब्लेड काढतो, आपल्याला दिसेल असं त्याचे दोन तुकडे करतो व अर्धं वस्तऱ्यात अडकवतो. एड्स आणि कावीळ यांच्या भीतीने का होईना, आपण एवढं शिकलो.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या घरच्या कुत्र्याच्या, मांजराच्या, गाईच्या किंवा बैलाच्या अंगावरून जो ब्रश, जी फणी, जो खरारा फिरतो, तो शेवटचा कधी धुतला होता?

...शांतता. व्हायव्हात एक्स्टर्नलने साधा प्रश्न विचारल्यावर पसरते तशीच!

पाळीव प्राणी म्हटलं की शहरातल्या मित्रांच्या डोळ्यांसमोर सोफ्यावर लोळणारं पॉमेरेनियन येतं. माझ्या डोळ्यांसमोर दावण येते. आम्ही राहुरी तालुक्यातले. मुळा धरणाचं पाणी कालव्याने शेताजवळून जातं, म्हणून ऊस आहे, घास आहे, आणि घास आहे म्हणून दावणीला गाई आहेत. राहुरीला १९६८ साली महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झालं. होल्स्टीन, जर्सी आणि गीर अशा तिघींच्या संकरातून तिथे तयार झालेली 'फुले त्रिवेणी' आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ऐकून माहीत असते. थोडक्यात, आमच्याकडे घरातल्या माणसांची वाढदिवसाची तारीख एखाद्या वेळी विसरतील, पण कोणती गाय कधी व्याली हे कुणी विसरत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खरारा म्हणजे घोड्या-बैलांचं अंग घासायची लोखंडी फणी. पत्र्याच्या समांतर पट्ट्या, प्रत्येक पट्टीला करवतीसारखे बारीक दाते आणि मागे धरायला मूठ. आमच्या आजोबांनी तो बैलजोडीसाठी घेतला होता. पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आला, खरारा मात्र राहिला. भावकीतली आमची चार घरं एका वस्तीवर राहतात. चार घरं, चार दावणी आणि खरारा एकच! गोठ्याच्या मेढीवरच्या खिळ्याला तो टांगलेला असायचा. ज्याला लागेल तो घेऊन जायचा, काम झालं की पुन्हा खिळ्याला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तर त्याच्यासाठी नंबर लागायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या एका कालवडीच्या डोळ्याभोवती गोल चट्टा उठला. केस गेलेले, राखाडी-पांढुरकी जाड खपली. कुणी म्हणालं चुना लावा, कुणी म्हणालं ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावा. पंधरा-वीस दिवसांत चुलत्यांच्या दोन वासरांच्या मानेवर तसेच चट्टे आले. आणि मग माझ्या धाकट्या बहिणीच्या मनगटावर लाल कडेचं एक वर्तुळ उमटलं. ती रोज शाळेत जायच्या आधी त्या कालवडीला घासायची, तिच्याशी गप्पा मारायची. खाज एवढी, की रात्री झोप लागेना. शाळेत शेजारच्या मुलीने बाक बदलून घेतला, त्याचं तिला खाजेपेक्षा जास्त लागलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी मनगट बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घरी जनावरं आहेत का?"

इकडे वस्तीवर वेगळंच सुरू झालं. "तुमच्या कालवडीनं आमची वासरं नासवली," असं चुलतीने एकदा ऐकवलं. आईने उलट उत्तर दिलं. बांधावरून जे भांडण कधी झालं नव्हतं, ते चट्ट्यावरून झालं! आठ दिवस दोन घरांत विरजणाची देवघेव बंद.

शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कालवड दोन मिनिटं पाहिली, खपलीचा नमुना घेतला आणि विचारलं, "हिला घासता कशानं?" बहिणीने खिळ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी हातमोजे घातले, खरारा काढला, पडवीत जुना पेपर पसरला आणि त्यावर खरारा दोनदा आपटला. पेपरवर काय पडलं म्हणता? काळे केस, तांबडे केस, पांढरे केस, कोंडा, वाळलेलं शेण, माती आणि पिवळट खपल्यांचे तुकडे. चारी दावणींचा हिशेब एका पेपरवर!

"हा बघा तुमचा पाहुणा," डॉक्टर म्हणाले. "रोज चारी घरी जाऊन येतोय."

आजोबांना हे पटेना. "डॉक्टर, चाळीस वर्षं हाच खरारा आहे. कधी काही झालं नाही." डॉक्टर हसून म्हणाले, "बाबा, तेव्हा तुमचे दोन बैल होते, तेही वयात आलेले आणि एकाच घरचे. आता चार घरची वासरं आहेत. हा रोग वासरांना लवकर धरतो."

हा रोग म्हणजे गजकर्ण. इंग्रजीत त्याला रिंगवर्म म्हणतात, पण त्यात वर्म, म्हणजे किडा, कुठेच नसतो. ती एक बुरशी आहे. गाईगुरांत प्रामुख्याने ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम नावाची, तर मांजर-कुत्र्यांत बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस. ही बुरशी कातडीच्या वरच्या थरावर आणि केसांवर जगते. तुटलेल्या केसांत व खपल्यांत तिचे बीजाणू राहतात आणि ते महिनोन् महिने तग धरतात. जनावराचा चट्टा काही महिन्यांत बहुधा आपोआप भरून येतो. पण खराऱ्याच्या दात्यांत अडकलेले बीजाणू तिथेच वाट बघत बसतात. शिवाय खरारा नुसता बीजाणू पोचवत नाही. त्याचे दाते कातडीवर बारीक ओरखडे काढतात आणि बुरशीला आत शिरायला दार उघडून देतात. होम डिलिव्हरी म्हणतात ती हीच!

डॉक्टर गेल्याबरोबर चुलतभावाने फिनाईलची बाटली आणली आणि खराऱ्यावर ओतायला लागला. घरात सुरुवातीला सगळ्यांना हाच उपाय पटला, कारण वास आला की स्वच्छता झाली असं आपल्याला वाटतं. पण डॉक्टरांनी निघताना स्पष्ट सांगितलं होतं, की आधी घाण काढा, मग औषध. या एका वाक्यातलं इंजिनिअरिंग मला फार आवडलं. गंजलेल्या पत्र्याला न घासता रंग मारला तर काय होतं हे आपण वर्कशॉपमध्ये बघितलं आहे. रंग पत्र्याला लागत नाही, गंजाला लागतो! तसंच केस, तेलकटपणा आणि शेण यांच्या थरावर औषध ओतलं तर ते त्या थरातच खर्ची पडतं. ब्लीचिंगमधला क्लोरीन तर जी सेंद्रिय घाण पहिली भेटेल तिच्याशीच झटापट करतो. खाली लपलेल्या बीजाणूपर्यंत पोचेपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो.

स्वच्छतेच्या शास्त्रात एक वर्तुळ आहे. हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ च्या सुमारास ते मांडलं. कोणतीही गोष्ट स्वच्छ व्हायला चार घटक लागतात : रसायन, तापमान, वेळ आणि घासणं. एक कमी केला तर बाकीचे वाढवावे लागतात. पाणी गार असेल तर जास्त घासा. घासता येत नसेल तर जास्त वेळ भिजवा. आता खरं सांगा, आपल्या आयांना हे सिनरसाहेबांच्या आधीपासून माहीत नाही का? करपलेलं पातेलं त्या गरम पाणी आणि सोडा घालून रात्रभर ठेवतात, सकाळी घासतात. चारही घटक आले!

तर खरारा, फणी, ब्रश, कातर, मशीनची पाती यांच्यासाठी आमच्याकडे ठरलेली पद्धत अशी.

पहिलं काम, झटकणं. गोठ्याबाहेर, जुन्या पेपरवर, हातमोजे घालून आणि तोंडाला रुमाल बांधून. पडलेले केस वाऱ्यावर सोडायचे नाहीत, पेपरसकट जाळायचे. दुसरं काम, गरम पाणी आणि साबण. दात्यांच्या फटीत जुना टूथब्रश घालून पांढरा फेस येईपर्यंत घासायचं, मग साध्या पाण्याने साबण काढून टाकायचा. तिसरं काम निर्जंतुक करण्याचं, आणि इथे वस्तू कशाची आहे हे बघावं लागतं. नुसत्या लोखंडाची किंवा स्टीलची असेल तर सर्वांत सोपं म्हणजे वीस मिनिटं उकळायची. प्लॅस्टिकची असेल तर हायपोक्लोराइट. बाटलीवर साधारण ५ टक्के लिहिलं असेल तर १ भाग औषधात ९ भाग पाणी, त्याच दिवशी बनवलेलं, आणि वस्तू पूर्ण बुडवून निदान दहा मिनिटं. बुडवून लगेच काढली तर ती आंघोळ झाली, निर्जंतुकीकरण नव्हे! चौथं काम, भरपूर पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवणं आणि धातूच्या वस्तूला तेलाचा थेंब. ऊन मदत करतं, पण नुसतं उन्हात ठेवून भागत नाही. काथ्याची घासणी किंवा लाकडी ब्रश मात्र आतपर्यंत साफ होत नाही. रोगी जनावराला तो वापरला असेल तर जाळून टाकायचा, हळहळायचं नाही.

मेकॅनिकलच्या मित्रांसाठी एक जादा मार्काचा प्रश्न : स्टीलची पाती हायपोक्लोराइटमध्ये तासन् तास का ठेवायची नाहीत? कारण स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचं जे पातळ संरक्षक आवरण असतं ते क्लोराइड जागोजागी भेदतो व सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. मग त्या खड्ड्यांत पुन्हा घाण बसते. म्हणजे स्वच्छतेच्या नादात आपणच जंतूंना क्वार्टर्स बांधून देतो! केमिकलच्या मित्रांना सांगायला नकोच, पण बाकीच्यांनी लक्षात ठेवा. ब्लीचिंग आणि संडास-बाथरूमचं ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि घरात मांजर असेल तर फिनाईलने तिचा ब्रश धुऊ नका. त्यातल्या फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि मांजर तर दिवसभर अंग चाटत असतं. सत्तर टक्के अल्कोहोल पात्यांवर चालतं, जंतूंवर चांगलं काम करतं, पण बुरशीच्या बीजाणूंसाठी त्याच्यावर विसंबू नये. मशीनच्या पात्यांसाठी बुरशीनाशक असं लेबलवर लिहिलेला फवारा मिळतो, तो घ्यावा.

"एवढ्याशा फणीचा एवढा बाऊ?" असं कुणी म्हणेल. तर दोन गोष्टी सांगतो. १८४७ साली व्हिएन्नाच्या हॉस्पिटलमध्ये सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं, की शवविच्छेदन करून आलेल्या हातांनी बाळंतिणींना तपासलं जातं आणि त्या तापाने दगावतात. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरचीच ही आजी. दुसरी गोष्ट तर थेट ब्रशची आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांना दाढीच्या ब्रशातून अँथ्रॅक्स झाला. ते ब्रश जनावरांच्या केसांचे होते आणि ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. तोफांतून वाचलेली माणसं दाढीच्या ब्रशाने आजारी पडली!

पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त आठवतात ते आमच्याकडे म्हशी भादरायला येणारे मामा. नात्याने मामा नव्हेत, सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणते. आधी वस्तरा होता, आता मशीन आहे. सायकलला पिशवी अडकवून ते वस्ती-वस्तीवर फिरतात. म्हैस भादरली की उवा-गोचीड लपायला जागा राहत नाही, अंग धुवायला सोपं जातं आणि म्हैस अशी काळीभोर चमकते की बाजारात भाव वाढावा. त्या पावसाळ्यात कुणीतरी हूल उठवली, की मामांच्या मशीननेच रोग आला. खरं तर आमच्या कालवडीला त्यांचा हातसुद्धा लागला नव्हता. पण दोन वस्त्यांनी त्यांना बोलावणं बंद केलं. मामांना शेती नाही. मशीन थांबलं की चूल थांबली.

एक दिवस ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "दादा, तू इंजिनिअर व्हायला लागला ना? मग सांग, हे मशीन मोडीत घालू का?"

मोडीत कशाला? मशीनमध्ये दोष नव्हता. एका म्हशीवरून दुसऱ्या म्हशीवर जाताना मध्ये जे व्हायला हवं ते होत नव्हतं, एवढंच. डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि पद्धत बसवली. पात्यांचे जोड एकाऐवजी तीन. प्रत्येक गोठ्यात गेल्यावर आधी एक पातेलं पाणी उकळायला ठेवायला सांगायचं. आधी वासरं, मग निरोगी मोठी जनावरं. चट्टा, गाठ किंवा जखम असलेलं जनावर शेवटी, शक्यतो नाहीच. वापरलेली पाती स्वच्छ पात्यांत मिसळायची नाहीत. त्यासाठी मी पत्र्याची दोन कप्प्यांची एक पेटी बनवली, एका बाजूला हिरवा रंग, दुसऱ्या बाजूला लाल. शीट मेटलचा जॉब म्हणून आजवर जेवढे ट्रे आणि फनेल आपण बनवले ते सगळे भंगारात गेले. हा पहिला जॉब कुणाच्या तरी पोटापाण्याच्या उपयोगी पडला!

सुरुवातीला लोक कुरकुरले. एका गोठ्यात मालक म्हणाले, "मामा, पाणी उकळण्यात दहा-पंधरा मिनिटं फुकट जातात राव." मामांनी पाती पुसता पुसता विचारलं, "तुमी सलूनात नवं पातं मागता का नाय? मग म्हशीनं काय घोडं मारलंय?"

यावर मालकांनी मुकाट्याने चूल पेटवली.

पात्यांचा हा क्रम मेंढ्यांच्या बाबतीत तर फारच महत्त्वाचा आहे. लोकर कातरताना मानेजवळची पिकलेली गाठ फुटली आणि तीच कातर पुढच्या मेंढीला टोचली, तर त्या गाठीचा जिवाणूजन्य रोग कळपभर पसरतो. कोकरं आधी, गाठवाली शेवटी आणि मधे मधे कातर धुणं, हाच त्याला उतारा. शहरातल्या मित्रांनीही यातून घ्यायचं ते घ्यावं. कुत्र्याची नखं काढताना रक्त आलं तर नखकटर लगेच धुऊन निर्जंतुक करा. पेट पार्लरमध्ये गेलात तर पाती कशाने साफ करता, टॉवेल प्रत्येकाला वेगळा असतो का, आणि कातडीचा रोग असलेला प्राणी आला तर काय करता, हे तीन प्रश्न न लाजता विचारा. चांगला कारागीर चिडत नाही, उलट दाखवतो.

अर्थात सगळे रोग खराऱ्याने येत नाहीत. २०२२ साली लंपी आला तेव्हा आमच्या जिल्ह्यानेही तो सोसला. सप्टेंबरमध्ये राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले. तो विषाणू मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. त्याला अडवायला शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. नुसता ब्रश धुऊन लंपी थांबला नसता. पण आजारी जनावर वेगळं बांधा, त्याची बादली, दावं, घासणी वेगळी ठेवा, हे त्या वर्षी घरोघरी सांगितलं गेलं. दुर्दैवाने साथ ओसरली की आपली वहीही मिटते.

बहिणीचं मनगट मलम लावून काही आठवड्यांत साफ झालं. कालवडीच्या डोळ्याभोवती नवे केस आले. चारी घरांनी वर्गणी न काढता, म्हणजे भांडण न करता, आपापला खरारा घेतला. मुठींना चार रंग दिले आहेत, त्यामुळे कुणाचा कुणाकडे गेला हे लांबूनच कळतं. विरजणाची देवघेवही सुरू झाली, ती मात्र चारी घरांत सामाईकच आहे. आजोबांनी जुना खरारा टाकू दिला नाही. तो उकळून, तेल लावून कपाटात ठेवला आहे. बैलांची तेवढीच एक खूण उरली आहे म्हणतात.

तर मित्रांनो, परीक्षा संपवून सुट्टीला घरी जाल तेव्हा एक प्रॅक्टिकल करा. जुना पेपर पसरा, घरातला खरारा, ब्रश किंवा फणी त्यावर दोनदा आपटा आणि काय पडतं ते बघा. याचं जर्नल लिहायला लागत नाही, सहीला रांग नाही आणि साहित्य म्हणाल तर पातेलंभर गरम पाणी, साबण आणि एक जुना टूथब्रश!